संक्रांतीच्या वाणातलं पुस्तक

आमच्या घरात एक खर्च असा होता, की ज्याबद्दल नवऱ्याने कधी हूं की चूं केलं नाही. तो म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण. एरवी हा माणूस भाजीच्या पिशवीतली कोथिंबीर उचलून 'ही केवढ्याला?' असं विचारणारा. पण वाणाला पैसे लागतील म्हटलं की पाकीट पुढे करून पेपरात तोंड घालायचा. बायकांच्या कारभारात पडू नये, असं त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं आणि आईची तेवढी एकच शिकवण त्याने पाळली. माझं पहिलं पुस्तक निघालं ते या शिकवणीच्या जोरावर.

दादरची दीड खोली सोडून आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये आलो, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. मी भाईंदरच्या एका पतपेढीत नोकरी करत होते आणि दुपारच्या सुट्टीत गोष्टी लिहीत होते. दिवाळी अंकांत त्या छापून यायच्या. अंक घरी यायचा, मानधन बहुतेक वेळा यायचं नाही. आणि वाचकाचं पत्र म्हणाल तर ते एकदाही आलं नाही. बहीण म्हणायची, छान लिहितेस. मामा म्हणायचे, आपल्या घराण्यातच आहे ते. मामांनी एकही गोष्ट वाचलेली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी एवढीच इच्छा होती, की माझा कुणीही न लागणाऱ्या एका माणसाने माझी गोष्ट वाचावी. त्याला ती शेवटपर्यंत वाचावीशी वाटावी. मग त्याने मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

अकरा गोष्टी जमल्यावर मी एका प्रकाशकांकडे गेले. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी चहा मागवला, गोष्टी बऱ्या आहेत म्हणाले आणि मग हिशोब समजावून सांगितला. छपाईचा मोठा खर्च यंत्र लावण्याचा आणि प्लेटा बनवण्याचा. शंभर प्रती काढा नाहीतर हजार काढा, तो तेवढाच. म्हणून पाचशेच्या खाली हात घालता येत नाही. नव्या लेखकाच्या पाचशे प्रती खपायला किती वर्षं लागतील हे कुणी सांगू शकत नाही. तेव्हा त्यातल्या तीनशे प्रती लेखिकेने स्वतः विकत घ्याव्यात, म्हणजे प्रकाशकाचा जीव भांड्यात पडेल. हे सगळं त्यांनी इतक्या मऊ आवाजात सांगितलं, की जिना उतरेपर्यंत मला राग आला नाही. रस्त्यावर आल्यावर आला. माझ्या पुस्तकाचं पहिलं गिऱ्हाईक मीच आणि तेही तीनशे वेळा.

नवऱ्याने त्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. पैसे बँकेत होते. तो नाही म्हणाला नाही, हे त्याच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. फक्त म्हणाला, "घे की. पण ठेवणार कुठे?"

हा प्रश्न काही वावगा नव्हता. आमच्या ओळखीचे एक कवी होते. त्यांनी असाच संग्रह काढला होता. त्यांच्या दिवाणखान्यात एक दिवाण होता, त्यावर चादर आणि लोड. त्या दिवाणाखाली लाकूड नव्हतंच, गठ्ठे होते. पाहुणे त्यांच्या कवितांवर बसून पोहे खायचे. ते स्वतःच हे हसून सांगायचे, पण त्यांची बायको हसत नसे. मी तिच्या तोंडाकडे बघून ठरवलं, की बँकेतल्या पैशाला हात लावायचा नाही. गोष्टींची फाइल कपाटात वरच्या कप्प्यात गेली, साड्यांच्या मागे.

पुढे पतपेढीचा वार्षिक अहवाल छापायचा होता, म्हणून मला भाईंदर पूर्वेच्या एका छापखान्यात पाठवलं. औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. मालक मारवाडी, वय चाळिशीच्या आतबाहेर. लग्नपत्रिका, बिल्डरांची रंगीत पत्रकं, शाळांच्या सूचना असं काहीबाही छापायचा. त्याने नुकतंच कर्ज काढून नवं डिजिटल यंत्र घेतलं होतं आणि येईल त्याला ते दाखवत होता. मी अहवालाच्या किती प्रती काढाव्यात याचा विचार करत होते, तर तो म्हणाला, "मॅडम, जितनी चाहिए उतनी बोलो. इसमें प्लेट नहीं बनती. दस छापो या दो सौ छापो, एक कॉपी का रेट वही."

मी विचारलं, "और एक छापी तो?"

"एक तो कोई छापता नहीं," तो म्हणाला. "लेकिन छपेगी. मशीन को क्या फरक पडता है?"

अहवाल राहिला बाजूला. मी त्याच्या टेबलावरच कागद ओढून गणित मांडायला बसले. एकशे चार पानांचं छोटं पुस्तक, आत काळी छपाई, बाहेर रंगीत कव्हर. तो म्हणाला, त्रेचाळीस रुपये प्रत. जास्त काढल्या तरी त्रेचाळीसच, कारण इथे संख्येने काही स्वस्त होत नाही. म्हणजे पाचशे छापून पस्तावण्याची भीती गेली, पण पाचशे छापून स्वस्तात पडण्याची सोयही गेली. मी पुस्तकाची किंमत साठ धरली. तेवढ्या पानांना त्याहून जास्त कुणी दिले नसते. आता हे पुस्तक दुकानात ठेवायचं तर दुकानदार किमतीच्या चाळीस टक्के कापून घेणार. साठातून चोवीस गेले, राहिले छत्तीस. मला पडणार त्रेचाळीसला. प्रत्येक प्रत खपली की सात रुपयांचा खड्डा. जितकं जास्त खपेल तितकं नुकसान, असा हा मजेशीर धंदा. यातून मार्ग एकच होता, की मधे दुकान येऊ द्यायचं नाही. माझ्या हातातून सरळ वाचणाऱ्याच्या हातात. पण पिशवीत पुस्तकं घालून दारोदार फिरणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी पतपेढीची थकबाकी वसूल करू शकते, पण स्वतःची गोष्ट विकत घ्या म्हणताना माझी जीभ टाळूला चिकटते.

घरी येताना स्टेशनबाहेरच्या भांड्यांच्या दुकानावरून गेले. संक्रांत पंधरवड्यावर आली होती. बाहेर स्टीलच्या वाट्यांचे मनोरे रचलेले. मी सवयीने भाव विचारला. वाटी अडतीस, नाव कोरून घेतलं तर चाळीस. मी तिथेच थबकले. दरवर्षी मी तीस बायकांना चाळीस-चाळीस रुपयांची वस्तू वाटतच होते. त्या वस्तूवर माझं नाव असायचं. ते पैसे घरातून निमूट मिळायचे. आणि संक्रांतीचं वाण कुणी नको म्हणत नाही, तशी रीतच नाही. दुकानदार म्हणाला, "कितने दूं, भाभी?" मी म्हटलं, या वर्षी राहू दे.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने पेपर खाली केला. वाणाच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं. "म्हणजे बायकांना हळद लावायची, कुंकू लावायचं आणि गोष्टी हातात द्यायच्या?"

"वाटीपेक्षा तीन रुपये जास्त पडतात फक्त."

"वाटीत श्रीखंड तरी खाता येतं," तो म्हणाला, पण पाकीट पुढे केलं.

तीस प्रती आल्या. पुस्तकावर मी माहेरचं नाव घातलं होतं, कारण दिवाळी अंकांत त्याच नावाने लिहीत होते. गाळ्यावर मालकाने पहिली प्रत हातात दिली तेव्हा ती कोमट होती, गोंदाचा वास येत होता. मी तिथे उभ्या उभ्या रडले. त्याने पंख्याचं बटण दाबलं आणि फोन आल्यासारखं करून बाहेर गेला.

घरी आल्यावर एक घोळ लक्षात आला. मागच्या कव्हरवर ठळक छापलं होतं, किंमत रुपये साठ. वाणाच्या वस्तूवर किंमत ठेवतं का कुणी? आपण तर बांगडीच्या डबीवरचं लेबलसुद्धा नखाने खरवडून देतो. शिवाय वाटी चाळीसची आणि हे साठचं, म्हणजे मी तोरा मिरवतेय असं कुणीही म्हटलं असतं. मग मी काळं मार्कर घेऊन बसले आणि तीसच्या तीस प्रतींची किंमत खोडली. इतकं जिवाचं रान करून ठरवलेला तो आकडा माझ्याच हाताने पुसला. नवरा बघत होता. म्हणाला, "आता कसं वाणासारखं दिसतंय."

हळदीकुंकू झालं. बायका आल्या, हळद लागली, कुंकू लागलं, तिळगूळ दिला आणि मी प्रत्येकीच्या हातात पुस्तक ठेवलं. 'अय्या, तू लिहिलंस?' असं तिघी-चौघी म्हणाल्या. एकीने ओझरतं उघडून पाहिलं आणि पर्समध्ये टाकलं. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली गुजराती शेजारीण खरोखर आनंदली. "मने तो मराठी वांचता नथी आवडतुं," म्हणजे मराठी वाचता येत नाही, असं ती हसून म्हणाली आणि मग माझ्यासाठी हिंदीत, "लेकिन तुम्हारा है तो संभाल के रखूंगी." मी दारातून आत गेले आणि पाण्याचा घोट घेतला. तीस प्रती, एकही उरली नाही. माझ्यासाठीसुद्धा एक ठेवायचं भान राहिलं नव्हतं, पण लागली तर छापून घेता येईल असं मी मनाशी म्हटलं.

आणि मग काहीच झालं नाही. वर्षभर. लिफ्टमध्ये बायका भेटायच्या, पाणी किती वाजता येतंय ते बोलायच्या, सेक्रेटरीच्या नावाने खडे फोडायच्या. पुस्तकाबद्दल कुणी शब्द काढला नाही. मी सुरुवातीला वाट पाहिली. मग स्वतःच विषय काढण्याइतकी हलकी झाले. "वाचलंस का गं?" असं एकीला विचारलं तर ती म्हणाली, "हो, म्हणजे, मुलांच्या परीक्षा झाल्या की." तिला मुलं नव्हती. मला फार वाईट वाटलं, उगाच लपवत नाही. तीनशे प्रती दिवाणाखाली कुजल्या असत्या, इथे तीस प्रती तीस घरांत कुजत होत्या, एवढाच फरक. छापणं स्वस्त झालं म्हणून वाचणारं माणूस स्वस्त होत नाही, हे मला त्या वर्षी कळलं. गाळ्याच्या मालकाने एकदा फोनवर विचारलं, "मॅडम, किताब फिर से छापनी है क्या? फाइल पडी है." मी म्हटलं, पडू दे.

पुढच्या संक्रांतीला मी वाट्या वाटल्या. नाव कोरलेल्या.

त्याच संक्रांतीला मला खारीतून बोलावणं आलं. माझे ब्लाउज शिवणारी बाई तिथली. खारी म्हणजे भाईंदर पूर्वेचं जुनं गाव. चारी बाजूंनी इमारती आल्यात, पण आत गल्लीत अजून ओटे आहेत, तुळशी आहेत आणि दुपारी ओट्यावर वाळत घातलेलं काहीतरी असतं. ही बाई पुढच्या खोलीत मशीन चालवायची. हात सफाईदार आणि तोंड गोड, म्हणून आमच्या सोसायटीतल्या निम्म्या बायका, समोरची गुजराती शेजारीणसुद्धा, तिच्याकडेच शिवायच्या. त्या वर्षी तिने सगळ्या गिऱ्हाइकांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. मी संध्याकाळी जरा उशिराच पोहोचले. कपड्यांचे गठ्ठे बाजूला सारून सतरंजी घातली होती. बायका उठायला लागल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात चहाची नवी गाळणी.

तिने मला हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि मग तिचा चेहरा उतरला. गाळण्या संपल्या होत्या. "थांबा हां बाई, जाऊ नका," असं म्हणून ती आत गेली, फळीवर काहीतरी शोधलं आणि पदराआडून एक वस्तू घेऊन आली. "तुमी वाचणाऱ्या हायत, तुमाला हेच बरा," असं म्हणत तिने ती माझ्या ओटीत ठेवली.

माझंच पुस्तक होतं.

मागच्या कव्हरवर काळा पट्टा होता, म्हणजे तिसांतलीच एक प्रत. वाण फिरवतात, ते काय मला माहीत नव्हतं? एकीच्या डब्या दुसरीकडे, दुसरीच्या वाट्या तिसरीकडे, सगळ्या बायका हे करतात आणि मीही केलंय. पण स्वतःची अकरा गोष्टींची मेहनत चहाच्या गाळणीला पर्याय म्हणून आपल्याच ओटीत येते, तेव्हा कसं वाटतं ते सांगता येत नाही. समोर माझं नाव होतं, पण माहेरचं. शिवणारीला मी सासरच्या आडनावाने माहीत. तिने भाबडेपणाने विचारलं, "आवडेल ना?" मी कसनुशी हसले. कुठून आलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, दिवाळीच्या साफसफाईत गुजराती वहिनींनी दिलं, मराठी आहे, तुम्ही वाचा म्हणून. म्हणजे संभाळून ठेवण्याची मुदत दिवाळीपर्यंत होती.

मी उठणार, एवढ्यात आतल्या खोलीतून म्हातारा आवाज आला. "ता पुस्तक दिलास का काय गो?"

शिवणारी चपापली. "आत्ये, दुसरा देईन तुमाला."

"दुसरा कशाला? माझी गोष्ट व्हायची हाय अजून."

ती तिची सासू होती. विधवा होती, म्हणून हळदीकुंकू चालू असताना आत बसली होती. इतका वेळ त्या खोलीत कुणी आहे हे मला कळलंही नव्हतं. आता ती दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. उंच, काटक, नऊवारी, कपाळ मोकळं. ती बाहेर आली नाही, तिथूनच माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बघत राहिली.

शिवणारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मला घाईघाईने सांगितलं, की आत्येंना वाचता येत नाही. मशीन सोमवारी बंद असतं, तेव्हा दुपारी ती एक-एक गोष्ट वाचून दाखवते. आवडलेली असेल तर आत्ये तीच दोनदा वाचायला लावतात, म्हणून पुस्तक अजून संपलं नाही. गेल्या सोमवारी मधेच गिऱ्हाईक आलं आणि गोष्ट अर्धवट राहिली. सणाच्या गडबडीत तिच्या डोक्यातून ते निघूनच गेलं.

"ती बाय थांब्यावर बसलीय," म्हातारी म्हणाली. "सकालपासून बसलीय. चार बशी सोडल्या तिनं. पाचवी आली का न्हाय, ह्यात माझा जीव अडकलाय."

ती माझी सातवी गोष्ट. नवऱ्याशी भांडून निघालेली एक बाई बसच्या थांब्यावर बसून राहते आणि एकामागून एक बस सोडून देते. लिहून झाल्यावर मला स्वतःला वाटलं होतं, की यात काही घडतच नाही, कोण वाचणार. दोन दिवाळी अंकांनी ती परत पाठवली होती. आणि इथे खारीत एका म्हाताऱ्या बाईने त्या थांब्यावरच्या बाईला आठवडाभर मनात बसवून ठेवलं होतं. वर्षभराचा राग, लिफ्टमधल्या बायका, नसलेल्या मुलांच्या परीक्षा, सगळं एका क्षणात विसरायला झालं.

मी पुस्तक पुढे केलं. "घ्या आजी. तुमचंच आहे."

म्हातारीने हात मागे घेतला. "न्हाय. ता वाण हाय. दिलेला वाण माघारी घेत न्हाईत."

"मग मी तुम्हाला देते. माझ्याकडून."

"मला वाण कोन देतंय?" ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, जसं आज गुरुवार आहे म्हणावं तसं म्हणाली. "मी इकत घेईन. कुठं भेटतं ता सांग."

मी म्हटलं, "माझ्याकडे. मी लिहिलंय ते." शिवणारीने तोंडावर हात नेला. म्हातारीला मात्र त्यात विशेष काही वाटलं नाही. कुणीतरी लिहिलंच असणार, ती मी निघाले, एवढंच. मी तिला सांगायला लागले, की पाचवी बस येते आणि... तर तिने मला हातानेच गप्प केलं. "सांगू नको. वाचून व्हईल तेवाच ऐकीन."

दुसऱ्या दिवशी पतपेढीतून सुटल्यावर मी गाळ्यावर गेले. मालकाने विचारलं, "कितनी निकालूं?"

"एक."

त्याने मान वर केली. "एक ही?"

"तुम्हीच म्हणाला होतात, मशीन को क्या फरक पडता है."

तो हसला आणि संगणकात फाइल शोधायला लागला. मी खुर्चीवर बसले. यंत्रातून पानं सरसर येत होती आणि मला त्या सभ्य प्रकाशकांची आठवण झाली. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. पाचशे छापणाऱ्याला एका म्हातारीसाठी यंत्र लावता आलं नसतं. तिला म्हणावं लागलं असतं, आवृत्ती संपली, किंवा नवी निघेपर्यंत थांबा, आणि नवी निघालीच नसती. मी त्रेचाळीस रुपये मोजले आणि ती एक प्रत घेतली. या वेळी मागची किंमत खोडली नाही.

सोमवारी दुपारी खारीत गेले. मशीन बंद होतं. सून कापड आणायला बाजारात गेली होती, सासू एकटीच होती. मी पुस्तक दिलं तसं तिने ते उलटसुलट केलं, कव्हरवरून अंगठा फिरवला आणि मागच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हितं काय हाय?"

"किंमत. साठ रुपये. पण आजी, तुमच्याकडून मी..."

"पन्नासला दे," ती म्हणाली.

मला हसू फुटलं. हिने उभा जन्म भाईंदरच्या बाजारात भाजी विकली होती, हे मला सुनेकडून नंतर कळलं. तेव्हा मात्र मी एवढंच पाहिलं, की ती भाव करतेय, म्हणजे तिला खरंच हवंय. फुकट मिळणाऱ्या वस्तूचा कुणी भाव करत नाही. मी पन्नासांना हो म्हटलं. तिने कनवटीची चंची सोडली, घडी घातलेली नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "पैसं आधी घे. गोष्ट पटली न्हाय तरी मागं मागनार न्हाय."

त्रेचाळीसला पडलेलं पुस्तक पन्नासला गेलं. नफा रुपये सात, आणि ते खारीत यायच्या शेअर रिक्षानेच नेले होते. लेखिका म्हणून माझी ही पहिली विक्री. ती नोट अजून माझ्याकडे आहे, नवऱ्याने दोनदा भाजीसाठी मागितली तरी दिलेली नाही.

"चल, वाच आता," ती म्हणाली आणि आतल्या खोलीकडे वळली. मग थांबली. "नको. हितं उजेड न्हाय. भायेर बसू."

आम्ही ओट्यावर बसलो. मी सातवी गोष्ट काढली आणि चौथी बस जिथे निघून जाते तिथून सुरू केलं. माझ्या लक्षात आलं, की स्वतःची गोष्ट मी कधीच कुणाला वाचून दाखवली नव्हती. दोन ठिकाणी वाक्यं लांबली होती, तिथे मला दम लागला. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. पाचवी बस आली तेव्हा तिने डोळे उघडले. थांब्यावरची बाई उठली, पाटी न वाचता चढली आणि खिडकीशी बसली. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं, तर ती म्हणाली, तुम्ही जिथवर जाता तिथवर.

"बसली," म्हातारी म्हणाली. "बरा झाला." तिने पदराने डोळे पुसले. मी पान उलटलं नाही. मलाही दिसत नव्हतं.

तेवढ्यात गल्लीतून दोन बायका चालल्या होत्या, पाण्याच्या कळशा घेऊन. एकीने विचारलं, "काय वाचतंय गो? कुनाचं पुस्तक?"

मी मान वर केली, माझं म्हणायला तोंड उघडलं. पण म्हातारीने माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि स्वतःच्या मांडीवर ठेवलं.

"माझा हाय," तिने सांगितलं. "इकत घेतलाय."

मग तिने ते परत माझ्या हातात दिलं आणि पुढची गोष्ट वाचायला सांगितली.